पाणी अडवा, पण कुठे?

२००९ सालच्या पावसाळ्यात मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात एक आगळे प्रदर्शन भरले होते. चित्रे आणि शिल्पे पाहायला गेलेल्यांना तेथे मुंबईचे जुने नकाशे, किनाऱ्याचे छेद आणि पावसाळी मुंबईची छायाचित्रे पाहायला मिळाली. प्रदर्शनाचे आणि त्याच वर्षी रूपा प्रकाशनाने काढलेल्या पुस्तकाचे नाव एकच होते : 'सोक : मुंबई इन ॲन एस्च्युअरी'. मराठीत सांगायचे तर 'मुरणे : खाडीमुखातली मुंबई'. कर्ते होते अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा. दोघेही अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भूदृश्यरचना शिकवीत असत. मिसिसिपी नदीचे पूर आणि बंगळूरची भूमी या विषयांवरची त्यांची पुस्तके त्याआधीच प्रसिद्ध झाली होती.

आम्ही तेव्हा पीएच.डी.च्या प्रबंधाची शेवटची प्रकरणे लिहीत होतो. मातीतून पाणी कसे झिरपते, हा आमचा विषय. त्यामुळे 'सोक' हे नाव वाचूनच आम्ही गेलो. दुसरेही एक कारण होते. आमचे बालपण डिलाईल रोडवरच्या एका चाळीत, तळमजल्यावरच्या खोलीत गेले. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की आई न बोलता पलंगाच्या पायांखाली विटा सरकवी, आणि तांदळाचा डबा, शिलाई मशीन व आमची दप्तरे पलंगावर चढत. पाणी उंबऱ्याशी येऊन थांबणार की आत येणार, हे पाहत आम्ही भावंडे दारात बसत असू. ज्याने हे पाहिले आहे त्याला मुंबईतल्या पाण्याविषयी कोणी नवे काही सांगत असेल, तर ऐकावेसे वाटणारच.

आज त्या पुस्तकाकडे पुन्हा वळण्याचे कारण असे. निसर्गाच्या रीतीने पायाभूत सुविधा कशा उभाराव्यात, म्हणजे गटार, भिंत आणि पंप यांच्या बरोबरीने किंवा त्यांच्या जागी माती, झाडे, तळी आणि पाणथळ जागा यांचा उपयोग कसा करावा, हा आता विद्यापीठांतून पीएच.डी.चा विषय झाला आहे. आपल्याकडचे विद्यार्थीही त्याकडे वळू लागले आहेत. अशा विद्यार्थ्यांपुढे 'सोक' हे पुस्तक नमुना म्हणून ठेवले जाते. ते तसे ठेवण्याजोगे आहे का, कोणत्या बाबतीत आहे आणि कोणत्या बाबतीत नाही, हे आम्हांला येथे पाहायचे आहे. तपासणीसाठी आमची प्रयोगशाळा म्हणजे डिलाईल रोड.

पुस्तकाचे म्हणणे

२६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसाची चोवीस तासांची नोंद सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर झाली. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला अवघे ७४ मिलिमीटर पडले. त्या प्रलयानंतर जी चर्चा झाली तिचा सूर लढाईचा होता : पाण्याने शहरावर हल्ला केला, आता संरक्षण मजबूत करा, नाले रुंद करा, भिंती बांधा, पंप बसवा. माथुर आणि दा कुन्हा यांचा आक्षेप या सुरालाच आहे. त्यांच्या मते चूक नाल्यात होण्याआधी नकाशात झाली. वसाहतकाळातल्या सर्वेक्षकांनी मुंबईचा नकाशा उघडिपीच्या दिवसांत काढला आणि जमीन व समुद्र यांच्यामध्ये एक ठाम रेघ ओढली. प्रत्यक्षात ही भूमी रेघेची नव्हतीच. भरतीला पाण्याखाली जाणारी, ओहोटीला उघडी पडणारी, पावसाळ्यात एक आणि उन्हाळ्यात दुसरेच रूप घेणारी ती खाडीमुखाची भूमी होती. रेघ ओढल्यावर रेघेच्या आत आलेले पाणी आपोआपच घुसखोर ठरले.

म्हणून लेखकद्वयाने वरून पाहिलेल्या नकाशाऐवजी उभ्या छेदांवर भर दिला आहे. भूगोलाच्या शिक्षकांना हे लगेच पटावे. नकाशात दोन ठिकाणांमधले अंतर कळते, पण एक जागा दुसरीपेक्षा हातभर खोल आहे हे कळत नाही. आणि पाण्याला तर तेवढेच कळते. शहराने पाऊस घाईघाईने समुद्राकडे हाकलू नये, ठिकठिकाणी त्याला थांबू द्यावे, मुरू द्यावे, असा पुस्तकाचा आग्रह आहे आणि त्यासाठी मुंबईतल्या निरनिराळ्या जागांसाठी रचना सुचवल्या आहेत.

हे म्हणणे मुंबईच्या मराठीला अपरिचित नाही. उमरखाडीच्या नावात खाडी आहे. भरतीचे पाणी तुडवून आलेली माणसे जेथे पाय धूत ती पायधुणी, असे पूर्वापार सांगतात. धोबीतलावात तलाव उरला नाही आणि गवालिया टँकच्या जागी मैदान झाले, पण नावे हटली नाहीत. शिक्षकांनी मुंबईतल्या नावांची अशी यादी मुलांकडून करून घ्यावी. लेखकांनी रेषांनी जे दाखवले, त्यातले बरेचसे आपल्या पत्त्यांत लिहिलेले आहे.

रस्त्याखालची जमीन

आता डिलाईल रोडकडे येऊ. पाटीवर त्याचे नाव ना. म. जोशी मार्ग असे आहे. कामगारांसाठी आयुष्य वेचलेल्या नारायण मल्हार जोशींचे नाव या रस्त्याला शोभून दिसते. मात्र बोलण्यात तो आजही डिलाईल रोडच राहिला आहे. भायखळा, महालक्ष्मी, वरळी आणि परळ यांच्यामधला हा पट्टा एके काळी सखल खाजण होता. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरे आणि थेट भायखळ्याच्या बाजूपर्यंत पसरे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्ड हा बांध घालून ते खिंडार बुजवण्यात आले. हाजी अलीजवळचा आजचा लाला लजपतराय मार्ग त्याच बांधावर आहे.

बांधाने समुद्र अडला, पण जमीन उंच झाली नाही. आत पडलेले पावसाचे पाणी तिथेच साचू लागले. पुढे भर घालून जमीन थोडी थोडी उचलली गेली, तिच्यावर गिरण्या आल्या आणि १९२० नंतर मुंबई विकास विभागाच्या, म्हणजे बीडीडीच्या, चाळी आल्या. पण भर घातलेली जमीन म्हणजे डोंगर नव्हे. आजही हा पट्टा बशीसारखा आहे आणि बशीतले पाणी बाहेर पडण्याची वाट वरळीच्या समुद्राकडे जाते. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी नाल्याच्या मुखापेक्षा वर असते. अशा वेळी झडपा लावून समुद्र बाहेर ठेवायचा आणि आतले पाणी पंपाने उचलून टाकायचे, एवढेच हातात राहते. वरळीला लव्हग्रोव्ह व क्लीव्हलँड बंदर येथे आणि शेजारी हाजी अलीला उभारलेली पंपगृहे हेच काम करतात.

म्हणजे डिलाईल रोड 'सोक'च्या मांडणीचे हुबेहूब उदाहरण आहे. नकाशात ती जमीन, छेदात ते पाणी. इथपर्यंत आम्ही लेखकांशी सहमत आहोत. मतभेद पुढे सुरू होतात.

पहिला आक्षेप : मुरवणे आणि साठवणे

महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा पाठ असते. तिच्यात दोन क्रियापदे आहेत आणि ती दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. हिवरे बाजार किंवा राळेगणसिद्धीला दोन्ही जमतात. तिथे पाऊस कमी, जमीन उताराची आणि भूजल खोल. त्यामुळे अडवलेले पाणी जिरायला जमिनीत जागा असते. 'सोक' या शब्दाचा सगळा भर दुसऱ्या क्रियापदावर आहे. डिलाईल रोडला ते लागू पडते का?

साधे गणित करू. १०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद, म्हणजे एक हेक्टरचा तुकडा घ्या. त्यावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडतो आहे. मुंबईत असा तास दर पावसाळ्यात कुठे ना कुठे येतोच. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. ५० मिलिमीटर म्हणजे ०.०५ मीटर. गुणाकार ५०० घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर तासाला पन्नास टँकर.

यातले जमिनीत किती मुरेल? पाठ्यपुस्तकांत पाणी मुरण्याचे वेग दिलेले असतात : वाळूत तासाला ३० मिलिमीटरपेक्षा जास्त, पोयट्यात १० ते २०, चिकणमातीत अवघे १ ते ५. खाजणाचा गाळ हा चिकणमातीच्या जातीचा. वरचा आकडा, म्हणजे ५ मिलिमीटर, उदारपणे धरला आणि तो संपूर्ण हेक्टर उघडी माती आहे असेही मानले, तरी पन्नासांपैकी पाचच टँकर मुरले. प्रत्यक्षात हेक्टरचा एक तृतीयांश भाग जरी उघडा असला तरी आपण नशीबवान. मग दोन टँकरसुद्धा मुरत नाहीत.

भर घातलेली माती जागोजागी वेगळी असते. एखाद्या ठिकाणी मुरूम असेल, वेग जास्त मिळेल, हे खरे. पण मग दुसरी अडचण येते, जागेची. समजा भूजलाची पातळी जमिनीखाली एक मीटरवर आहे आणि मधल्या मातीत २० टक्के पोकळी पाण्यासाठी मोकळी आहे. म्हणजे एकूण २०० मिलिमीटर पाणी मावेल. मुंबईत एकट्या जून महिन्यात सरासरीने ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. याचा अर्थ जुलैचा मोठा पाऊस येईपर्यंत स्पंज भिजून चिंब झालेला असतो. भिजलेल्या स्पंजावर आणखी पाणी ओतले तर काय होते, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

लेखकांना 'सोक' या शब्दात मुरण्याबरोबर धरून ठेवणेही अभिप्रेत आहे, असे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. पण वाचकाच्या मनावर ठसते ते मुरणे, आणि पुस्तकातली सुंदर रेखाटने हा फरक पुसट करतात. छेद काढला की त्यावर मोजपट्टी आली पाहिजे : इथे किती घनमीटर पाणी येणार, किती मुरणार, किती वेळ उभे राहणार. रेखाटनाला मोजमापाची जोड पुस्तकात अपुरी आहे. आमच्या तोंडी परीक्षेत एका वृद्ध परीक्षकांनी आमच्या एका आलेखावर बोट ठेवून एवढेच विचारले होते, "याचे एकक काय?" आम्हांला घाम फुटला होता. तोच प्रश्न आम्ही 'सोक'मधल्या छेदांना विचारतो.

दुसरा आक्षेप : पाणी कोणते?

जिरवणे जमत नसेल तर अडवणे जमते का? हो, आणि इथे पुस्तकाची मूळ कल्पना पुन्हा उभी राहते. मुंबईत दोन भरत्यांमध्ये साडेबारा तासांच्या आसपास अंतर असते. नाल्याचे मुख बंद राहते ते भरतीच्या आगेमागे काही तास. तेवढा वेळ पाणी कुठे तरी थोपवून धरता आले, तर ओहोटीला ते आपल्या पायांनी निघून जाते. निसर्गाधारित रचना नाल्याची आणि पंपाची जागा घेऊ शकत नाही. ती त्यांना वेळ मिळवून देते. मुंबईचे जुने नाले तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधले होते, तेही ओहोटी आहे असे धरून, आणि निम्मे पाणी जमिनीत जाईल असे मानून. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने तो हिशेब ५० मिलिमीटरवर नेला आणि सगळेच पाणी वाहून येणार असे धरले. या एका बदलात शहराची किती माती झाकली गेली, याची कबुली आहे.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात २०१३ साली एक चौक बांधला गेला. त्याचे नाव बेंथेमप्लेन. कोरड्या दिवसांत तेथे खोलगट क्रीडांगणावर मुले खेळतात, पायऱ्यांवर माणसे बसतात. पाऊस आला की आजूबाजूच्या छपरांचे पाणी त्या खोलगट भागात उतरते आणि सुमारे १७ लाख लिटर पाणी तेथे थांबते. मग ते सावकाश सोडले जाते. पाहायला गेले तर हे आपल्याकडच्या तलावाचेच भावंड.

पण रॉटरडॅमच्या चौकात उतरते ते छपरावरचे पाणी. डिलाईल रोडच्या नाल्यात जे वाहते ते केवळ पाऊस नसते. कागदावर मुंबईत सांडपाण्याची आणि पावसाच्या पाण्याची व्यवस्था वेगळी आहे. प्रत्यक्षात वस्त्यांचे आणि चुकीच्या जोडण्यांचे सांडपाणी पावसाळी नाल्यांत येते. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात उतरणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. २००५ च्या पुरानंतर या रोगाने मुंबईत बळी घेतले. शिवाय उभे राहिलेले पाणी आठवडाभर टिकले तर डास होतात. म्हणून 'पाण्याला थांबू द्या' म्हणणाऱ्याने लगेच दोन गोष्टी सांगायला हव्यात : थांबणारे पाणी स्वच्छ कसे राहील, आणि ते किती तासांत निघून जाईल. पुस्तकातले पाणी देखणे आहे. आमच्या उंबऱ्याशी यायचे ते काळे होते, आणि ते ओसरल्यावर आई फरशी तीनदा फिनेलने पुसत असे. खाडीमुखाच्या सौंदर्याविषयी वाचताना आम्हांला तो वास आठवत राहिला.

तिसरा आक्षेप : जागा कोणाची?

आता अडवण्याचेही गणित करू. तोच एक हेक्टरचा तुकडा. त्याचा एक तृतीयांश भाग मैदान म्हणून ठेवला आणि ते मैदान भोवतालच्या जमिनीपेक्षा फक्त ३० सेंटिमीटर खोल केले. फुटपट्टीएवढी खोली, मुलांना क्रिकेट खेळायला काही अडचण नाही. ३,३३३ चौरस मीटरला ०.३ मीटरने गुणा : १,००० घनमीटर, म्हणजे शंभर टँकर. तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस दोन तास पडला तर त्या हेक्टरवरचा प्रत्येक थेंब या मैदानात मावतो. मातीत एक थेंबही न मुरता.

हा 'एक तृतीयांश' आकडा आम्ही सहज घेतलेला नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने असे ठरवले की, गिरणीच्या जमिनीचा नव्याने विकास करायचा असेल तर ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मैदाने, बागा आणि अन्य सार्वजनिक सोयींसाठी महापालिकेला, एक तृतीयांश स्वस्त घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला मिळावी. १९९६ साली चार्ल्स कोरिआ यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने या जमिनींचा एकत्रित विचार करावा असे सुचवले. २००१ मध्ये नियमात बदल झाला. वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता, ज्यावर बांधकाम नाही अशा मोकळ्या जमिनीचीच करायची, असे ठरले. गिरणी म्हणजे शेड, गोदामे आणि खाती. तीत मोकळी जमीन असून असून किती असणार? २००५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ चा बदल कायम राहिला.

या तारखा शेजारी शेजारी लिहून पाहाव्यात. २६ जुलैचा पाऊस आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांच्यामध्ये आठ महिनेही गेले नव्हते. न्यायालयात वाद चालला तो मोकळी जागा, घरे आणि मालकी हक्क यांच्याविषयी. त्या जमिनीवर पाणीही थांबू शकले असते, ही बाजू फार पुढे आली नाही.

मुंबईतील गिरण्यांची एकूण जमीन सुमारे ६०० एकर, म्हणजे २४० हेक्टरच्या आसपास. तिचा तिसरा हिस्सा ८० हेक्टर. त्यातल्या अर्ध्याच जागेची मैदाने झाली असती आणि ती फूटभर खोल ठेवली असती, तर १२ कोटी लिटर पाणी थांबवण्याची सोय झाली असती, आणि तीही याच सखल गिरणगावात. आज लोअर परळला रेल्वेपुलावर उभे राहून पाहिले तर उंच इमारती दिसतात. त्यांच्या आवारातही हिरवळ आहे, पण ती बहुधा तळघरातल्या वाहनतळाच्या छतावर अंथरलेली असते. तिच्याखाली मुरायला जमीन नाही आणि ती खोलगट नाही, उंचावलेली आहे. तिच्यावरचा पाऊस खाली रस्त्यावर येतो. दिसायला निसर्ग आणि वागायला डांबर, असा हा प्रकार.

'सोक' प्रसिद्ध झाले तेव्हा हे सगळे घडून गेले होते. खाडीमुखाच्या भूमीविषयी एवढे बारकाईने लिहिणाऱ्या पुस्तकात भूमीच्या मालकीला जे स्थान मिळायला हवे होते ते मिळालेले नाही, ही आमची सर्वांत मोठी तक्रार आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षकाने ओढलेली रेघ पुस्तकाला दिसते; २००१ साली नियमात ओढलेली रेघ तितकी ठळक दिसत नाही. आमच्या चाळीच्या दृष्टीने दुसरी रेघ अधिक महाग पडली.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२१ नंतर महापालिकेने हिंदमाता परिसराचे पाणी थोपवण्यासाठी दादरचे प्रमोद महाजन कलापार्क आणि परळचे सेंट झेवियर्स मैदान यांच्याखाली मोठ्या टाक्या बांधल्या. भरती असेपर्यंत पाणी टाकीत धरायचे आणि ओहोटीला सोडायचे, अशी ही व्यवस्था. म्हणजे 'पाणी लगेच हाकलू नका, थांबवा' ही माथुर-दा कुन्हा यांची गोष्ट एका अर्थाने शहराने मान्य केली. फक्त ती काँक्रीटमध्ये आणि जमिनीखाली केली. पण एक बाब नजरेतून सुटू नये. या टाक्या बांधता आल्या, कारण तेथे मैदान शिल्लक होते.

मर्यादा ठाऊक असाव्यात

या क्षेत्रातले जगभर गाजलेले नाव म्हणजे चीनचे कोंगजियान यू. १९९५ साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात डॉक्टरेट मिळवली. भूदृश्यातल्या कोणत्या जागा राखल्या म्हणजे पाण्याचे आणि सजीवांचे व्यवहार सुरळीत चालतात, त्या जागा शोधून आधी राखा आणि बांधकाम नंतर करा, असा त्यांच्या प्रबंधाचा गाभा होता. त्याच विचारातून पुढे 'स्पंज शहरा'ची कल्पना फोफावली आणि २०१५ पासून चीनने निवडक शहरांत ती सरकारी कार्यक्रम म्हणून राबवली. एका प्रबंधाचे एवढे मोठे फळ क्वचितच दिसते.

तरीही २० जुलै २०२१ रोजी चीनमधील झेंगझोऊ शहरात एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला आणि स्पंज शहराची कामे होऊनही ते बुडाले. भुयारी रेल्वेत माणसे दगावली. आपले फूटभर खोल मैदान या पावसात अर्ध्या तासात भरले असते. २६ जुलैच्या ९४४ मिलिमीटरपैकी त्याने एकदा भरून १०० मिलिमीटर धरले असते. म्हणून कल्पना चुकीची ठरत नाही. दर वर्षी येणाऱ्या पावसासाठी मैदान, त्याहून मोठ्यासाठी पंप आणि प्रलयासाठी वेळेवर इशारा, अशी कामाची वाटणी करावी लागते. प्रत्येक उपायाने आपण किती मिलिमीटरपर्यंत पुरे पडू हे सांगायला शिकले पाहिजे. 'निसर्गावर सोपवा' हेही 'पंपावर सोपवा' इतकेच आळशी उत्तर होऊ शकते.

मग पुस्तक वाचावे का?

जरूर वाचावे. नकाशावरची रेघ ही निसर्गाने ओढलेली नाही, माणसाने ओढलेली आहे, हे इतक्या ठामपणे मुंबईविषयी क्वचितच कोणी मांडले असेल. प्रदर्शनातून बाहेर पडल्यावर आम्ही नेहमीच्या रस्त्याने घरी आलो आणि चाळीच्या पायरीची उंची रस्त्यापासून किती आहे, हे पहिल्यांदा टेपने मोजले. ज्या पुस्तकाने वाचक मोजायला उठतो त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र या विषयात संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने ते पहिले पुस्तक समजावे, शेवटचे नव्हे. त्याच्या प्रबंधात तीन उत्तरे असावीत : पाणी किती, पाणी कसे आणि जमीन कोणाची. पहिल्यासाठी भौतिकी लागेल, दुसऱ्यासाठी रसायन आणि जीवशास्त्र, तिसऱ्यासाठी सातबारा आणि कायदा. तिसरे आपले काम नव्हे असे म्हणून सोडून देण्याची सवय आम्हां वैज्ञानिकांनाही आहे, आणि ती चांगली नाही.

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. चाळींमधल्या पटांगणांवर पिढ्यान् पिढ्या कबड्डी रंगली, गणपती बसले आणि पाणीही थांबले. नव्या आराखड्यात त्या पटांगणांच्या जागी काय येणार, ते रस्त्यापेक्षा उंच असणार की खोल, हा प्रश्न तिथल्या रहिवाशांनी आणि तिथल्या शाळांतल्या मुलांनी आताच विचारायला हवा. एकदा फरशी पडली की उत्तर बदलत नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग सांगून थांबतो. पत्र्याचा डबा दोन्ही बाजूंनी कापून नळकांडे करा (कडा लागणार नाहीत याची काळजी शिक्षकांनी घ्यावी). ते शाळेच्या मैदानात पाच सेंटिमीटर ठोकून बसवा. आत दहा सेंटिमीटर पाणी ओता आणि दर दहा मिनिटांनी पातळी पट्टीने मोजा. बाजूने पाणी पसरते म्हणून हा वेग थोडा जास्तच येईल, हे मुलांना सांगा. हाच प्रयोग त्याच जागी शाळा उघडताच जूनमध्ये एकदा आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा करा, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. मग वर्तमानपत्रातून भरतीच्या वेळा घेऊन त्याच तक्त्यात मांडा. आपल्या मैदानात पाणी मुरते की नुसते थांबते, आणि थांबलेच तर किती तास थांबावे लागेल, हे मुलांना स्वतःच्या आकड्यांवरून सांगता येईल.